नाव सगळ्यात शेवटी : शार्कचा जीवाश्म दात ओळखायचा कसा

ओहोटीला अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या काठाने चालताना ओल्या वाळूत एखादा काळा चकचकीत त्रिकोण दिसतो. बोटाच्या पेराएवढा. उचलून पाण्यात खळबळला की कळतं, एक बाजू सपाट आहे आणि दुसरी फुगीर. टोक अजून बोटाला टोचेल इतकं शाबूत असतं. हा दात ज्या शार्कच्या तोंडातून गळला तो साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी इथेच पोहत होता. आणि दात हातात आल्याबरोबर प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो : कुठल्या शार्कचा?

मीही आधी तेच विचारायचे. आता नवीन कोणी दात दाखवायला आणलं की मी त्यांना नावापासून जरा लांबच ठेवते. तो कुठल्या खडकातून आला, तो खरंच शार्कचा दात आहे का, आणि तोंडात नेमका कुठे होता, हे आधी ठरवायचं. एवढं ठरलं की बऱ्याचदा नाव आपोआप समोर येतं. हे न ठरवता चित्रांशी ताडत बसलं की दहातले सहा दात चुकीच्या नावाच्या डबीत जाऊन पडतात.

मी ज्या जागेबद्दल लिहिते आहे ती अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात आहे. कॅल्व्हर्ट काउंटीच्या किनाऱ्याने मैलोन्मैल करड्या-निळसर चिकणमातीचे आणि वाळूचे उभे कडे आहेत, काही ठिकाणी तीस मीटरहून उंच. त्यांना कॅल्व्हर्ट क्लिफ्स म्हणतात. साधारण २ कोटी ते ८० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे मायोसीन काळात, इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचत गेलेला गाळ म्हणजे हे कडे. आज लाटा त्यांचा पायथा पोखरतात, वरून दरड येते, माती पाण्यात विरघळून जाते आणि दात, हाडं, शिंपले मागे उरतात. म्हणून इथे खणावं लागत नाही, खणायला परवानगीही नाही. सरकारी उद्यानात कड्याखालून चालायलाही बंदी आहे आणि ती पाळलीच पाहिजे. ही चिकणमाती पावसानंतर काही इशारा न देता उतरते. दात पाण्याच्या रेषेवर मिळतात, कड्याला चिकटून उभं राहून काही मिळत नाही.

दातच का मिळतात?

मालवणकडे मोरीचं मटण किंवा मुशीचं कालवण खाल्लेल्याला उत्तर अर्धं माहीत असतं. मोरी, मुशी म्हणजे शार्कच. त्यात काटा नसतो. मध्ये मणका असतो तोही मऊ, दाताने चावता येईल असा. शार्क आणि पाखट (इंग्रजीत रे, पंखासारखा पसरट मासा) या कुळातल्या माशांचा सांगाडा कूर्चेचा असतो, आणि कूर्चा मेल्यावर सहसा कुजून जाते. दात मात्र कठीण. त्यावरचं आवरण फॉस्फेटच्या खनिजाचं असतं आणि त्यात फ्लोरीन भरपूर असल्यामुळे ते सहजी झिजत नाही. शिवाय शार्कच्या जबड्यात दात एकामागे एक ओळींनी बसलेले असतात. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो आणि हे आयुष्यभर चालतं. एक शार्क जन्मभरात हजारो दात टाकतो. समुद्राच्या तळाशी त्याची हाडं नाहीत, पण दातांचा सडा आहे.

हे दात आहेत ही गोष्टसुद्धा माणसाला सहजी पटली नव्हती. युरोपात, विशेषतः माल्टा बेटावर सापडणाऱ्या या त्रिकोणी दगडांना लोक 'जिभेचे दगड' म्हणत आणि विषबाधेवर उतारा म्हणून वापरत. १६६६ साली इटलीतल्या लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे आलं. स्टेनोने ते चिरलं, दात पाहिले आणि १६६७ मध्ये लिहून ठेवलं की हे जिभेचे दगड म्हणजे शार्कचेच दात आहेत, समुद्राच्या गाळात अडकलेले. पुढे खडकांचे थर एकावर एक कसे साचतात याचे नियम त्याने मांडले, त्याची सुरुवात या डोक्यापासून झाली. मला यात एक गोष्ट फार आवडते. स्टेनोने दगडाकडे बघून दात ओळखला नाही. आधी खऱ्या माशाचं तोंड उघडून पाहिलं.

आधी खडक विचारा

समजा कॅल्व्हर्टच्या किनाऱ्यावर मिळालेला दात कोणी 'ग्रेट व्हाइट'चा म्हणून दाखवला. रुंद त्रिकोण आहे, कडेला करवतीसारखे दाते आहेत, चित्राशी जुळतोय. पण आजच्या ग्रेट व्हाइटचे खरे दात जगभरात कुठेही मिळतात ते फार तर पन्नास-साठ लाख वर्षं जुन्या थरांत. कॅल्व्हर्टचे थर त्याहून जुने. म्हणजे दात कितीही तसा दिसो, तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे, बहुधा लहान वयाच्या मेगालोडॉनचा, म्हणजे त्या प्रचंड, नामशेष शार्कचा. एक प्रश्न विचारला आणि एक अख्खा उमेदवार बाद झाला.

उलट बाजूने बघा. न्यू जर्सीत मॉनमाउथ काउंटीमध्ये बिग ब्रूक नावाचा ओढा आहे. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं शाळेच्या सहलीला तिथे चाळण्या घेऊन जातात. तो ओढा सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे डायनासोर अजून होते त्या काळच्या समुद्रतळातून वाहतो. तिथे मेगालोडॉन मिळणार नाही, तो तेव्हा जन्मालाच यायचा होता. तिथे मिळतो वाकड्या शिखराच्या दातांचा स्क्वालिकोरॅक्स हा शार्क, आणि एन्कोडस नावाच्या हाडवाल्या माशाचे लांब सुळे. दोन्ही जागी वाळू तशीच, दात तसेच काळे, पण मध्ये पाच कोटी वर्षांचं अंतर.

रंगावरून मात्र वय काढू नका. काळा म्हणजे जुना, पिवळा म्हणजे नवा, असं लोक सांगतात ते खरं नाही. दात ज्या गाळात पुरला गेला त्यातल्या खनिजांचा तो रंग आहे. मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणीतले दात मधासारखे पिवळट असतात आणि त्यातले बरेचसे कॅल्व्हर्टच्या काळ्याकुट्ट दातांपेक्षा कोट्यवधी वर्षांनी जुने आहेत.

दात आहे, पण कोणाचा?

किनाऱ्यावर काळं आणि चकचकीत असलेलं सगळं दात नसतं. खेकड्याच्या नांगीचा तुकडा, फुटका शिंपला, लाटांनी घासलेला गारगोटीचा कपचा, हे सगळे फसवतात. शार्कच्या दातात दोन वेगळे पदार्थ दिसतात : वरचा मुकुट काचेसारखा गुळगुळीत आणि खालचं मूळ खरबरीत, बारीक छिद्रांचं, भाजलेल्या मडक्याच्या खापरीसारखं. मूळ साधारण दोन पायांचं असतं, मध्ये कमान. ही दोन पोतांची हद्द दिसली की तुम्ही शार्कजवळ आलात.

हाडवाल्या माशांचा दात जबड्याच्या हाडाला चिकटलेला असतो, त्याला असं दोन पायांचं मूळ नसतंच. तुटून आला तर खाली पोकळ किंवा सपाट तुटलेली कड दिसते. बॅराकुडाचा दात पातळ पात्यासारखा असतो, नवखा माणूस त्याला हमखास शार्क म्हणतो. मगरीचा दात शंकूसारखा, गोल, आणि बुडाशी टोपीसारखा पोकळ. डॉल्फिनच्या दाताला छोटा मुकुट आणि भलंमोठं लांब मूळ. सगळ्यात फसवा म्हणजे स्क्वालोडॉन, एक नामशेष दातवाला देवमासा. त्याचे गालाकडचे दात त्रिकोणी आणि करवतीच्या कडांचे असतात. पण त्याच्या मुकुटावर उभ्या सुरकुत्या असतात आणि मुळं हाडासारखी लांब, वेगवेगळी. शार्कच्या मुकुटाला सहसा अशी खरखर नसते.

पाखटाचे दात तर दातासारखे दिसतच नाहीत. काळ्या फरशीचे तुकडे वाटतात, लांबट पट्ट्या. उलटे केले की खालच्या बाजूला फणीसारख्या बारीक खाचा ओळीने दिसतात, आणि ही फणी दिसली की शंका उरत नाही. हे मासे शिंपले चिरडून खात, म्हणून तोंडात पाती नव्हती, जातं होतं.

इथे मला आईची गोष्ट सांगितलीच पाहिजे. एका उन्हाळ्यात आई मालवणहून आमच्याकडे आली होती. मी माझ्या डब्या टेबलावर मांडून दाखवत होते. त्यात एक हाडाचा जाड तुकडा होता, वर मक्याच्या दाण्यांसारखे गोल चकचकीत उंचवटे. मी त्यावर 'पाखट' असं लिहिलं होतं. आईने तो हातात घेतला, उलटा केला, बोटाने खालचं हाड चाचपलं आणि म्हणाली, "ह्यो दात तोंडातलो न्हय गो, नरड्यातलो." तिने आयुष्यभर मोठ्या माशांची डोकी साफ केली आहेत. बऱ्याच माशांच्या घशात चिरडायच्या दातांची अशी चकती असते, हे तिला हाताने माहीत होतं. मी नंतर चित्रं काढून ताडून पाहिलं. तो ब्लॅक ड्रम या माशाच्या घशातला तुकडा होता. हा मासा आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्याच कुळातला. ढोम्याच्या डोक्यात जो पांढरा खडा मिळतो, तसे त्या कुळातल्या माशांचे कानातले खडेही या कड्यांत जीवाश्म होऊन पडले आहेत.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की आधी मासळीबाजारात जा. मुशीच्या तोंडात डोकावून पाहा, पाखटाच्या जबड्यावर बोट फिरवा, केंडाची, म्हणजे फुगणाऱ्या पफर माशाची, चोच बघा. केंडाचा भाऊबंद असलेल्या काटेरी माशाच्या तोंडातल्या चकत्या कॅल्व्हर्टला मिळतात, आणि ज्याने कधी केंड हातात घेतला नाही तो त्यांना दगड समजून टाकून देतो.

तोंडात तो कुठे होता?

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे, म्हणून जरा थांबून सांगते. माणसाच्या तोंडात सुळा वेगळा, दाढ वेगळी. कोणी दाढ आणि सुळा दाखवून ही दोन वेगळ्या प्राण्यांची हाडं आहेत म्हणाला तर आपण ऐकणार नाही. शार्कचंही तसंच आहे, फक्त फरक जास्त आणि आपल्याला त्याची सवय नाही.

हातात दात घ्या. सपाट बाजू ती ओठाकडची, फुगीर बाजू जिभेकडची. मुळाचा फुगवटाही जिभेकडे येतो. आता टोक बघा. सरळ उभं आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर दात जबड्याच्या पुढच्या भागातला. टोक एका बाजूला कललेलं असेल तर तो बाजूचा, आणि ते बहुतेक वेळा तोंडाच्या कोपऱ्याकडे कलतं. जितका कलता आणि बुटका, तितका मागचा. मग खालचा की वरचा? बऱ्याच शार्कांत खालचे दात अरुंद आणि टोकदार असतात, वरचे रुंद आणि कापणारे. खालचे भक्ष्य धरून ठेवतात, वरचे कापतात. विळीवर मोठा मासा कापताना एक हात घट्ट धरतो आणि पातं काम करतं, तसं.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे हेमिप्रिस्टिस सेरा, कॅल्व्हर्टला भरपूर मिळणारा. त्याचा वरचा दात रुंद, वाकडा त्रिकोण. कडेचे दाते इतके मोठे आणि खोल की नारळाची खवणी आठवावी, पण हे दाते टोकाच्या थोडं आधी थांबतात आणि टोक गुळगुळीत राहतं. त्याचाच खालचा पुढचा दात दाभणासारखा लांब, निमुळता, कडेला दाते जवळजवळ नाहीत, फक्त बुडाशी एक-दोन बारीक काटे. दोन्ही शेजारी ठेवले तर कोणीही दोन प्राणी म्हणेल. त्याचा एक जवळचा नातेवाईक, हेमिप्रिस्टिस एलोंगाटा, आजही अरबी समुद्रात आहे. त्याचा जबडा पाहिला की दाभण आणि खवणी एकाच तोंडात बसलेली दिसतात.

खालचा दात दाभणासारखा असल्यामुळे तो सँड टायगर शार्कच्या दाताशी गोंधळतो. सँड टायगरचा दातही लांब, बारीक, बाजूने पाहिला तर इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला. पण त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक सुटी उपशिखरं असतात, लहान काट्यांसारखी, आणि मुळाच्या मधोमध खोल खोबण. उपशिखरं नाजूक, लाटांत मोडून जातात. तेव्हा ती नाहीत एवढ्यावरून निर्णय घेऊ नका, ती मोडल्याच्या खुणा आहेत का ते भिंगाखाली बघा.

दात्यांच्या बाबतीतही हेच. कड गुळगुळीत लागली म्हणजे दाते नव्हतेच असं नाही, घासून गेलेले असू शकतात. दहा पटीचं भिंग घ्या आणि मुकुटाच्या खांद्याजवळ बघा, जिथे मूळ सुरू होतं त्या खोपच्यात. तिथे झीज कमी पोहोचते. नखाची कड हळूच तिथून वर फिरवली तर डोळ्यांना न दिसणारे दातेही कुरकुरतात. ही एक सवय लागली तर निम्म्या चुका टळतात.

आता काही चेहरे

कडा पूर्ण गुळगुळीत, उपशिखरं नाहीत, पातं रुंद आणि चपटं, मूळ पातळ : हा हस्टालिस, एक नामशेष शार्क. संग्राहक आणि दुकानदार त्याला 'माको' या आजच्या शार्कच्या नावाने ओळखतात. पण तो बहुधा माकोचा नसून ग्रेट व्हाइटच्या घराण्यातला आहे. २०१२ मध्ये पेरू देशातल्या जीवाश्मांवरून कार्कारोडॉन हबेली ही जाती मांडली गेली. तिच्या दातांना अगदी कमजोर दाते आहेत, जणू गुळगुळीत हस्टालिस आणि दातेरी ग्रेट व्हाइट यांच्या मधली पायरी. बाजारातलं नाव आणि घराणं यांचा संबंध असेलच असं नाही, हे लक्षात ठेवण्यासाठी हा दात चांगला.

टायगर शार्कचा दात कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. एका बाजूला खोल खाच, खाचेखालचे दाते जाड, आणि जाड दात्यांवर पुन्हा बारीक दाते. कॅल्व्हर्टला गॅलिओसर्डो अ‍ॅडंकस मिळतो. त्याच्यासोबत एक बारीक, पिळवटलेल्या शिखराचा दातही मिळतो, कॉन्टॉर्टस नावाचा. बरीच वर्षं तो टायगर शार्कच्याच वंशात धरला जाई. तो अ‍ॅडंकसचा खालचा दात असावा असाही विचार मांडला गेला होता. म्हणजे वरचा-खालचा हा घोळ फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचा नाही. पण आजच्या टायगर शार्कचे वरचे आणि खालचे दात जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे ते गणित बसेना. आता त्याला फायझोगेलियस या वेगळ्या वंशात ठेवतात. जुन्या पुस्तकात वेगळं नाव दिसलं तर पुस्तक चुकलं असं नाही, विचार पुढे गेला.

काउ शार्कचा खालचा दात एकदा पाहिला की विसरत नाही : एका लांब मुळावर ओळीने कललेली शिखरं, करवतीचा तुकडा मोडून पडावा तसा.

सगळ्यात जास्त मिळतात ते मात्र कार्कारायनस वंशातले लहान, करडे, साधे त्रिकोण. यांना रेक्वियम शार्क म्हणतात. वरचे रुंद आणि बारीक दात्यांचे, खालचे अरुंद, उलट्या इंग्रजी टी अक्षरासारखे. आजही या वंशात तीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांचे सुटे दात एकमेकांपासून वेगळे काढणं तज्ज्ञांनाही अवघड जातं. इथे वंशाच्या नावावर थांबायचं. 'कार्कारायनस, जात ठरत नाही' हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. त्याच्यापुढे एखादं रुबाबदार लॅटिन नाव जोडल्याने दात जास्त ओळखला जात नाही. हॅमरहेड आणि लेमन शार्कचेही दात याच ढिगात लपतात. कड गुळगुळीत दिसली तर त्यांचा विचार करायचा, पण आधी खांद्याजवळची झीज बघूनच.

आणि मेगालोडॉन. लुई अगासी या स्विस शास्त्रज्ञाने १९व्या शतकात त्याला हे नाव दिलं. मोठ्यात मोठे दात तिरप्या उंचीत सतरा-अठरा सेंटीमीटरपर्यंत जातात, पण किनाऱ्यावर बहुतेकांना मिळतात ते तुकडे किंवा लहान दात. आकारापेक्षा या खुणा बघाव्यात : जाड, वजनदार मूळ, कडेने सारखे बारीक दाते, आणि जिभेकडच्या बाजूला मुकुट व मूळ यांच्या मध्ये एक काळपट, निस्तेज कमानीदार पट्टा. त्याला बुर्लेट म्हणतात. ग्रेट व्हाइटच्या दातावर असा ठळक पट्टा नसतो.

मेगालोडॉनच्या आधी त्याच घराण्यात, म्हणजे ओटोडस वंशात, चुबुटेन्सिस होता. फरक मुख्यतः एकच : चुबुटेन्सिसच्या दाताच्या खांद्यांवर छोटी उपशिखरं आहेत, मेगालोडॉनच्या नाहीत. मग कॅल्व्हर्टला मिळालेला अर्धवट खांद्याचा दात कोणाचा?

याचं उत्तर शोधायला संशोधकांनी ज्यांचा नेमका थर माहीत आहे असे या कड्यांतले ३५९ दात घेतले. खालच्या, जुन्या थरांतल्या बहुतेक दातांना उपशिखरं होती. वर येत गेलं तसं त्यांचं प्रमाण कमी होत गेलं, आणि सुमारे ७६ लाख वर्षांपूर्वीपर्यंत ती संपली. सुमारे १ कोटी २० लाख वर्षं चाललेला हा बदल इतका हळू आहे की मध्ये कुठे रेघ मारून अलीकडे एक जात, पलीकडे दुसरी, असं म्हणता येत नाही. एकाच काळात दोन्ही तऱ्हेचे दात आहेत. अशा कामात हौशी लोकांनी वेचलेल्या दातांचा वाटा मोठा असतो. सॉलोमन्स गावातलं कॅल्व्हर्ट मरीन म्युझियम अशा दातांनी भरलेलं आहे.

पण तो वाटा तेव्हाच उपयोगाचा, जेव्हा दातासोबत त्याचा पत्ता असतो. १९०४ मध्ये शॅटक या भूवैज्ञानिकाने या कड्यांतल्या थरांना खालून वर १ ते २४ असे क्रमांक दिले आणि लोक अजून तेच वापरतात. वाळूत सुटा मिळालेला दात कुठल्या थरातला हे नेमकं सांगता येत नाही, पण कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या कड्यासमोर मिळाला हे तरी लिहिता येतं. दक्षिणेकडे जाल तसे वरचे, तरुण थर पाण्याच्या पातळीला येतात, त्यामुळे नुसतं किनाऱ्याचं नावही बरंच काही सांगतं.

म्हणून घरी आल्यावर दात गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा, सावलीत वाळवा, आणि त्याच दिवशी चिठ्ठी लिहा. जागा, तारीख, वाळूत मिळाला की पडलेल्या मातीच्या ढेकळात. ओळख विचारायला फोटो पाठवणार असाल तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचा एक, शेजारी पट्टी ठेवून, खिडकीतल्या तिरप्या उजेडात. फ्लॅशमध्ये दाते पुसले जातात. हातात धरलेल्या दाताचा एकच फोटो बघून कोणी छातीठोक नाव सांगितलं तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

विकत घेत असाल तर मूळ आणि मुकुट यांच्या सांध्यावर भिंग धरा. एका दाताचा मुकुट आणि दुसऱ्याचं मूळ चिकटवून 'अखंड' म्हणून विकतात. मोरोक्कोहून येणाऱ्या, जबड्यासकट दात असलेल्या खडकांत तर बऱ्याचदा सुटे खरे दात वाळू आणि गोंदात बसवलेले असतात. दात खरे, जबडा बनावट.

महाराष्ट्रात मिळतील का, असं भाच्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हाचा आहे, त्यात शार्क शोधून उपयोग नाही. कोकणच्या किनाऱ्यावर पांढरा, हलका दात मिळाला तर तो बहुधा आजच्याच मुशीचा. पण लाव्हाच्या खाली आणि मध्ये अडकलेले गाळाचे पातळ थर आहेत, तिथे मासे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लामेटा थरांतले मासे आर्थर स्मिथ वुडवर्ड या ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञांनी १९०८ मध्ये वर्णन केले. त्यांत पिक्नोडस होता, गोल चिरडणाऱ्या दातांचा. समुद्रातले शार्क हवे असतील तर शेजारी कच्छ आहे. ओडिशातल्या बारीपाडाच्या मायोसीन थरांत तर हाच खवणीसारखा हेमिप्रिस्टिस सेरा मिळाला आहे, म्हणजे कॅल्व्हर्टच्या आणि आपल्या समुद्रात तो एकाच काळात फिरत होता. जैसलमेरच्या ज्युरासिक खडकांतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मंडळींनी २०२१ मध्ये स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस ही नवी जात जाहीर केली, तीही चपट्या, चिरडणाऱ्या दातांवरूनच.

माझ्या कपाटात खालच्या खणात एक दात आहे, पहिल्या वर्षी मिळालेला. तीन सेंटीमीटरचा, बुर्लेट स्वच्छ, दाते शाबूत. डावा खांदा मोडलेला आहे. उजव्या खांद्यावर एक बारीक फुगवटा आहे, उपशिखर म्हणावं इतका मोठा नाही, नाही म्हणावं इतका लहान नाही. थर माहीत असता तर काहीतरी बोलता आलं असतं. त्या वर्षी मी तीन वेगवेगळ्या किनाऱ्यांवर गेले होते आणि सगळं एकाच पिशवीत टाकलं होतं. पिशवीवर काहीच लिहिलं नव्हतं, ही चूक मला आजही लागते. त्या डबीच्या चिठ्ठीवर 'ओटोडस' एवढाच शब्द आहे, आणि त्यापुढची जागा मी कोरी ठेवली आहे.